अष्ठीला, चयापचय आणि लक्ष्य : एका पारिभाषिक वाक्खंडाची चिकित्सा

१

परिभाषेचे परीक्षण करताना शब्द शुद्ध आहे की नाही एवढेच पाहण्याचा प्रघात मराठीत दीर्घकाळ चालत आला आहे. शब्द धातूपासून नीट साधला आहे काय, त्याला प्राचीन ग्रंथांचा आधार आहे काय, त्यापासून विशेषण बनते काय, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की परीक्षकाचे काम संपले असे मानले जाते. परंतु शब्द कोशात राहत नाही. तो वाक्यात जातो, ते वाक्य कोणाच्या तरी कानी पडते, आणि ऐकणारा त्यावर विसंबून काही करतो किंवा करावयाचे टाळतो. वैद्यकाच्या बाबतीत हे ‘करणे’ म्हणजे कधी संमतिपत्रावर सही असते, तर कधी ताटातला भात बाजूला सारणे असते. म्हणून वैद्यकीय परिभाषेची समीक्षा कोशापाशी थांबून चालत नाही. शब्दाचा रोग्याच्या घरापर्यंत पाठपुरावा करणे हेही तिचे कामच होय.

या दृष्टीने कर्करोगसंशोधनातील एक विषय विशेष उद्बोधक आहे. अर्बुदातील पेशी अन्नद्रव्ये कशी वापरतात हे जाणून घेऊन त्या वापरातच अडथळा आणावयाचा, आणि त्या मार्गाने प्रोस्टेट ग्रंथीचा पसरलेला कर्करोग आवरावयाचा, असा हा विषय. उपलब्ध कोशांच्या आधाराने तो मराठीत आणला, तर सामान्यतः पुढील वाक्खंड तयार होतो : ‘प्रगत अष्ठीला-कर्करोगावर अर्बुदाच्या चयापचयाला लक्ष्य करणारी चिकित्सा’. या रचनेत व्याकरणाचा दोष नाही. प्रत्येक शब्दाला आधार आहे. तरीही तिच्यातील जवळजवळ प्रत्येक पद वाचकाला मूळ अर्थापासून थोडे थोडे दूर नेते, आणि अखेरीस तो जेथे पोचतो ते ठिकाण शास्त्राचे नव्हे.

हा वाचक कोण, तेही ठरवून घेतले पाहिजे. येथे तो पेण किंवा रोहा तालुक्यातला, साठी ओलांडलेला, मराठी शाळेत शिकलेला, वर्तमानपत्र वाचणारा गृहस्थ मानला आहे. ही निवड यदृच्छेने केलेली नाही. रायगड जिल्ह्याच्याच पनवेल तालुक्यात खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची कर्करोगविषयक संशोधनसंस्था २००२ पासून उभी आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली १९५२ मध्ये तेथे जे संशोधनकेंद्र आकारास आले, त्याचाच वारसा खारघरला चालतो. रोह्याहून आणि पेणहून आगगाडी पनवेलकडे जाते. शास्त्र आणि रोगी यांच्यातील भौगोलिक अंतर अशा रीतीने काही स्थानकांचे उरले आहे. भाषेचे अंतर मात्र तेवढ्याच वेगाने मिटलेले नाही.

२

पहिले पद ‘प्रगत’. इंग्रजीतील मूळ विशेषणाला दोन अर्थ आहेत : एक ‘सुधारलेला’ आणि दुसरा ‘पुढच्या टप्प्यास गेलेला’. मराठीत ‘प्रगत’ या शब्दाने यांपैकी पहिलाच अर्थ आपलासा केला. प्रगत देश, प्रगत शेती, प्रगत विद्यार्थी अशा प्रयोगांत हे पद नेहमी गौरवाचे असते. ‘प्रगत कर्करोग’ म्हणताच त्या गौरवाची छाया रोगावर पडते, आणि अनभ्यस्त वाचकाला क्षणभर असे वाटते की, हा काही तरी आधुनिक प्रकारचा, कदाचित आधुनिक उपायांना वश होणारा, रोग असावा. वास्तविक येथे अभिप्रेत अवस्था नेमकी उलट आहे. ग्रंथीच्या मर्यादा ओलांडून रोग लसिकाग्रंथींत, आणि या कर्करोगाच्या बाबतीत विशेषेकरून हाडांत, पसरला आहे असा तिचा अर्थ आहे.

मराठीला या अर्थासाठी शब्दाची वाण नव्हती. ‘रोग बळावला’ हे वाक्य कोणत्याही घरात समजते. ‘पसरलेला’ आणि ‘बळावलेला’ ही दोन विशेषणे मिळून वरील इंग्रजी विशेषणाचे सगळे वैद्यकीय कार्य पार पाडतात. शिवाय त्यांच्यात एक भेदही आहे. पसरणे हे स्थळाचे आणि बळावणे हे जोराचे. उपचारांना दाद न देता वाढणाऱ्या रोगाला ‘बळावलेला’ म्हणता येते, मग त्याने नवी जागा घेतलेली असो वा नसो. असा उपयुक्त भेद बोलीत असताना तो सोडून एक संदिग्ध तत्सम पद स्वीकारणे यात लाभ कोणता, हे समजणे कठीण आहे.

३

दुसरे पद ‘अष्ठीला’. मराठी विश्वकोशाने, ज्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, ‘अष्ठीला ग्रंथि’ ही संज्ञा स्वीकारली. या शब्दाची परंपरा मोठी आहे. ‘अष्ठीला’ म्हणजे वाटोळा, गुळगुळीत दगड. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे जे बारा प्रकार वर्णिले आहेत, त्यांत ‘वाताष्ठीला’ हा एक आहे. बस्ती आणि मलमार्ग यांच्या मधल्या जागेत दगडासारखी घट्ट गाठ होते आणि ती मूत्राचा व मलाचा मार्ग अडविते, असे त्याचे वर्णन आहे. आधुनिक शरीरशास्त्रज्ञाला ही जागा पाहून प्रोस्टेट ग्रंथीची आठवण व्हावी, हे स्वाभाविक होय.

परंतु येथेच एक सूक्ष्म घोटाळा झाला आहे. सुश्रुताची अष्ठीला ही विकृती आहे. परिभाषाकारांची अष्ठीला हा प्रत्येक पुरुषाच्या शरीरातील निरोगी अवयव आहे. अवयवाला रोगाचे नाव मिळाल्यामुळे ‘तुमची अष्ठीला तपासली पाहिजे’ हे वाक्य जाणत्या वैद्याच्या कानी ‘तुम्हाला गाठ आहेच’ असे पडते, तर इतरांच्या कानी ते काहीच पडत नाही. ‘पुरःस्थ ग्रंथी’ हा पर्याय ग्रीक शब्दाचा सरळ अनुवाद आहे. मूळ ग्रीक पदाचा अर्थही ‘पुढे उभा असलेला’ असाच होतो. शब्द निर्दोष आहे, पण कशाच्या पुढे, हे तो सांगत नाही. ‘पौरुष ग्रंथी’ हा तिसरा पर्याय सर्वांत लोकप्रिय होण्याजोगा आणि सर्वांत घातक आहे. कारण तो अवयवाच्या व्याधीला पुरुषत्वाची व्याधी बनवितो. लघवीला त्रास होत असूनही वर्षानुवर्षे संकोचाने न बोलणाऱ्या माणसापुढे हा शब्द ठेवणे म्हणजे त्याच्या संकोचाला कोशाचे पाठबळ देणेच होय.

व्यवहाराने हा प्रश्न आपल्यापुरता सोडविला आहे. दवाखान्यात ‘प्रोस्टेट’ म्हणतात, आणि ‘प्रोस्टेटची गाठ’ म्हटले की पेणच्या बाजारातही अर्थ पोचतो. परभाषेतील नाम जेव्हा केवळ नाम म्हणून येते, तेव्हा ते अपारदर्शक असले तरी फसवे नसते. जे नाव काहीच सुचवीत नाही, ते चुकीचे काही सुचवणाऱ्या नावापेक्षा बरे. हा नियम सर्वत्र लावावा असे नाही. तो येथे लागू पडतो, इतकेच.

‘अर्बुद’ या पदाविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. सुश्रुताने ते मांसाच्या वाढीसाठी वापरले, आणि भास्कराचार्यांच्या संख्यामालिकेत तेच पद दहा कोटींचे वाचक आहे. शास्त्रीय लेखनात ते रूढ झाले असून तसेच राहण्यास हरकत नाही. बोलण्यात ‘गाठ’ आहेच.

४

आता मुख्य पदाकडे वळावयाचे. ‘चयापचय’ हा शब्द शालेय पुस्तकांनी इतका घोटून घेतला आहे की त्याची घडण कोणी पाहत नाही. चय म्हणजे साठणे आणि अपचय म्हणजे झिजणे. या दोहोंचा द्वंद्व समास म्हणजे चयापचय. युरोपीय भाषांत या कल्पनेचे नाव वेगळ्या अंगाने पडले. १८३९ मध्ये थेओडोर श्वान याने जे विशेषण वापरले, ते ‘पालट’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आले आहे. जर्मन भाषेतील रूढ शब्दाचा अर्थही ‘द्रव्याचा पालट’ असाच आहे. तेव्हा पाश्चात्त्य संज्ञा प्रक्रियेच्या गतीवर बोट ठेवते, आणि मराठी संज्ञा त्या प्रक्रियेच्या दोन टोकांची नावे घेते.

हा भेद सामान्य प्रसंगी निरुपद्रवी आहे. कर्करोगाच्या संदर्भात मात्र तो बाधतो. १९२०च्या दशकात ओटो वारबुर्ग याने असे दाखवून दिले की अर्बुदातील पेशी भरपूर प्राणवायू उपलब्ध असतानाही ग्लुकोज पूर्णपणे जाळीत नाहीत. त्या ते अर्ध्यावर तोडून लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. पूर्ण ज्वलनात ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपी या शक्तिवाहक द्रव्याचे सुमारे तीस रेणू मिळतात, तर या अर्धवट मार्गात निव्वळ दोन. हा आतबट्ट्याचा व्यवहार पेशी का करते? वारबुर्गला वाटले की तिचे श्वसनच बिघडलेले असते. पुढील संशोधनाने हे मत जसेच्या तसे टिकले नाही. बहुतेक अर्बुदांत श्वसनाची यंत्रणा शाबूत असते. अर्धवट तोडलेल्या ग्लुकोजचे तुकडे नव्या पेशीचे घटक रचण्यासाठी उपयोगी पडतात, हे त्या व्यवहाराचे एक महत्त्वाचे कारण आज मानले जाते. म्हणजे येथे चय आणि अपचय ही दोन निराळी खाती नाहीत. तोडणे हेच रचण्याचे साधन झाले आहे. समासातील दोन पदे जी भिंत उभी करतात, ती पेशीत नाही.

येथे बोलीकडे पाहणे उद्बोधक ठरते. ‘खाल्लेले अंगी लागत नाही’ असे मराठी माणूस सहज म्हणतो. ‘अंगी लागणे’ या वाक्प्रचारात अन्नाचा शरीरात झालेला पालट नेमका पकडला आहे. अन्न पोटात गेले एवढ्याने तो अर्थ पूर्ण होत नाही, तर ते शरीराचे झाले पाहिजे. ‘गाठीच्या पेशींना साखर जाळण्यापेक्षा अंगी लावून घेण्याची घाई असते’ हे वाक्य वारबुर्गच्या निरीक्षणाचे आणि त्यावरील उत्तरकालीन भाष्याचे सार सांगते, आणि त्यासाठी एकही पारिभाषिक शब्द खर्ची पडत नाही. ‘चयापचय’ हा शब्द टाकून द्यावा असा याचा अर्थ नव्हे. शास्त्रग्रंथात तो आवश्यकच आहे. परंतु त्याच्या पाठीशी हा वाक्प्रचार उभा केल्याशिवाय तो पोकळ राहतो.

‘लागणे’ या क्रियापदाची दुसरी बाजूही मात्र पाहिली पाहिजे. ‘कर्करोगाच्या पेशीला साखर लागते’ असे वाक्य लिहिले की, त्यात दोन अर्थ एकदम उभे राहतात : पेशी साखर वापरते हा एक, आणि साखरेवाचून तिचे अडते हा दुसरा. ‘झाडाला पाणी लागते’, ‘त्याला रोज चहा लागतो’ या धर्तीवर दुसरा अर्थच बळकट ठरतो. त्यावरून पुढचे अनुमान आपोआप निघते : साखर बंद केली की गाठ वाळेल. हे अनुमान प्रयोगशाळेतून आलेले नाही. ते क्रियापदातून आले आहे.

५

हे अनुमान प्रोस्टेटच्या बाबतीत विशेष चुकीचे का ठरते, याचे उत्तर त्या ग्रंथीच्या स्वभावात आहे, आणि तो स्वभाव शरीरातील इतर बहुतेक अवयवांहून वेगळा आहे. निरोगी प्रोस्टेटच्या पेशी जस्त मोठ्या प्रमाणात साठवितात. हे जस्त पेशीतील अकोनिटेज या विकराला अडविते. त्यामुळे सायट्रिक आम्लाचे चक्र त्या पायरीवर थांबते, सायट्रेट पुढे जळत नाही, आणि ते ग्रंथीच्या स्रावात जमा होते. त्या स्रावातील सायट्रेटचे प्रमाण रक्तातील प्रमाणाच्या शेकडो पट असते. लेस्ली कोस्टेलो व रेंटी फ्रँकलिन या अमेरिकी संशोधकांनी हा विषय अनेक वर्षे अभ्यासिला. निरोगी पेशी येथे शक्तीचा त्याग करून स्राव निर्माण करते, असे त्यांच्या विवेचनावरून दिसते.

पेशी कर्करोगाची झाली की पहिला बदल असा होतो की ती जस्त साठविणे सोडते. अडसर निघतो, चक्र पुरे फिरू लागते, सायट्रेट जळू लागते. म्हणजे इतर अर्बुदांत ज्वलन अर्धवट होते असे आपण म्हणतो, तर येथे प्रारंभीच्या अवस्थेत ते पूर्वीपेक्षा अधिक पूर्ण होते. या पेशींचा ओढा मेदाम्ले रचण्याकडे आणि वापरण्याकडे असतो. ग्लुकोजचा सपाटून वापर बहुधा रोग बळावल्यानंतर, उशिरा दिसतो. याचा व्यावहारिक पुरावाही आहे. किरणोत्सारी ग्लुकोज टोचून अर्बुद शोधण्याची जी पद्धत इतर अनेक कर्करोगांत उपयोगी ठरते, ती प्रोस्टेटच्या प्रारंभिक रोगात पुष्कळदा गाठ दाखवू शकत नाही. म्हणून तेथे पेशीच्या पृष्ठावरील एका विशिष्ट प्रथिनाला चिकटणारे द्रव्य वापरतात. त्याच प्रथिनाच्या आधारे किरणोत्सारी ल्युटेशियम बळावलेल्या रोगापर्यंत पोचविण्याचा उपचार अमेरिकेत २०२२ मध्ये मान्य झाला, आणि हे ल्युटेशियम तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील ध्रुव अणुभट्टीतही तयार होते.

ज्या रोगात साखरेची ओढ चाचणीलाही पुष्कळदा सापडत नाही, त्याच्या रोग्याला ‘गाठ साखरेवर जगते’ असे सांगणे म्हणजे एका अर्बुदाचे चरित्र दुसऱ्याच्या नावावर मांडणे होय.

६

चौथे पद ‘लक्ष्य’. हे पद एकटे येत नाही. ते आपल्याबरोबर युद्धाची सगळी सामग्री घेऊन येते. मराठीत ती सामग्री आयती आहे. ‘गाठीची रसद तोडणे’ हा प्रयोग लेखकाच्या लेखणीवर चटकन येतो आणि वाचकाला तो आवडतोही. १६८९ मध्ये मोगलांनी रायगडाला घातलेला वेढा ज्या जिल्ह्याच्या स्मृतीत आहे, तेथे या रूपकाला वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. त्याचा गुणही मान्य केला पाहिजे. भयभीत माणसाला ते धीर देते. रोगाला तोंड देता येते, आणि ते समोरासमोर न भिडताही देता येते, ही कल्पना त्यातून पोचते.

परंतु रूपकाची परीक्षा त्याने धीर दिला की नाही एवढ्याने होत नाही. त्यातून निघणारे अनुमान खरे ठरते काय, हे पाहावे लागते. वेढ्यात शिबंदी गडावर असते आणि रयत खाली असते. गडाची रसद तोडली म्हणून गावे उपाशी मरत नाहीत. अर्बुदाची गोष्ट तशी नाही. त्याची शिबंदी आणि शरीराची रयत एकाच कोठारातले धान्य खातात, एकाच रक्तातून. शिवाय एक वाट अडली की अर्बुदाची पेशी दुसरीने अन्न मिळविते. ग्लुकोज कमी पडले तर ग्लुटामिन, ते नसेल तर मेदाम्ले. गडाला दरवाजे मोजके असतात. पेशीला ते किती आहेत, हेच संशोधनाचे एक मोठे काम होऊन बसले आहे.

या विषयाच्या इतिहासावरूनही हेच दिसते. पेशीच्या द्रव्यव्यवहारात अडथळा आणण्याची कल्पना आजची नव्हे. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या फॉलिक आम्लविरोधी द्रव्याचा सिडनी फार्बर यांनी मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर उपयोग केला, आणि त्याचे निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रोस्टेटच्या बाबतीत १९४१ मध्ये चार्ल्स हगिन्स व क्लॅरेन्स हॉजेस यांनी वृषणांतून येणारे संप्रेरक बंद केल्यास पसरलेला रोगही मागे हटतो, असे दाखविले. हगिन्स यांना त्याबद्दल १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. कालांतराने रोग पुन्हा बळावतो. त्याचे एक कारण असे की अर्बुद अधिवृक्क ग्रंथींतून आलेल्या पूर्वद्रव्यांपासून आपले संप्रेरक आपणच रचू लागते. या रचनेची एक पायरी अडविणारे अबिराटेरोन हे औषध अमेरिकेत २०११ मध्ये मान्य झाले. काटेकोर अर्थाने पाहता, बळावलेल्या प्रोस्टेट-कर्करोगाच्या द्रव्यव्यवहारावर झालेला हा एक निश्चित यशस्वी आघात होय. त्याचा साखरेशी संबंध नाही. ‘चयापचय’ म्हटले की अन्न आणि अन्न म्हटले की साखर, या सवयीच्या साखळीमुळे हे यश त्या सदरात मोजलेच जात नाही.

साखरेच्या बाजूने जो मोठा प्रयत्न झाला, त्याचे फळ मर्यादित आहे. मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध नेहमीच्या उपचारांत मिळविल्यास मधुमेह नसलेले, पसरलेल्या रोगाचे रोगी अधिक जगतात काय, हे ब्रिटनमधील ‘स्टॅम्पिड’ या दीर्घ चाचणीत तपासण्यात आले. २०२४ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांत एकूण आयुष्यात निश्चित म्हणता येईल अशी वाढ दिसली नाही. संप्रेरकरोधामुळे शरीरात होणारे काही अनिष्ट बदल मात्र त्या औषधाने कमी झाले. हे दुसरे निरीक्षण लक्षात ठेवण्याजोगे आहे. कारण संप्रेरक बंद केले म्हणजे रोग्याचाच द्रव्यव्यवहार पालटतो. मेद वाढतो, स्नायू उतरतात, हाडे विरळ होतात, मधुमेहाकडे कल वाढतो. ‘रसद तोडणे’ या रूपकात या गोष्टींना जागाच नाही. तेथे इजा फक्त शत्रूला होते.

७

या ठिकाणी एका अधिक कठोर पदाचा उल्लेख अपरिहार्य आहे. वृषणांचे संप्रेरक बंद करूनही जो रोग वाढतो, त्याला इंग्रजीत जे विशेषण आहे ते मराठीत शब्दशः आणले, तर ‘खच्चीकरण-प्रतिरोधी’ असे होते. ‘खच्ची करणे’ हा प्रयोग मराठीत जनावरांच्या बाबतीत आहे, आणि माणसाच्या बाबतीत तो मानहानीचा आहे. ‘त्याला खच्ची केले’ म्हणजे त्याचा उत्साह, त्याची उमेद मारली. वृषण काढण्याची शस्त्रक्रिया हा खर्चाच्या दृष्टीने अनेकांना परवडणारा उपचार आहे. तो स्वीकारावा की इंजेक्शने घ्यावीत, हा निर्णय रोग्याने शांतपणे घ्यावयाचा असतो. त्याच्या हाती दिलेल्या कागदावर हे पद असेल, तर तो निर्णय वैद्यकीय राहत नाही. २०१९च्या नवी औषधे व चिकित्साचाचणी नियमांप्रमाणे चाचणीत भाग घेणाऱ्याची संमती त्याला समजेल अशा भाषेत घेणे बंधनकारक आहे. समजणे या क्रियेत अपमानित न होणे हेही अंतर्भूत मानले पाहिजे. ‘संप्रेरक बंद करूनही न आटपणारा रोग’ हे वर्णन लांब आहे. पण ते खरे आहे, आणि ते रोगाविषयी बोलते, रोग्याविषयी नाही.

साखरेच्या अनुमानाचा परिणामही असाच घरापर्यंत जातो. मराठीत ‘साखर’ हा एकच शब्द डब्यातल्या साखरेला, रक्तातल्या ग्लुकोजला आणि मधुमेहालाही चालतो. पेण हा भाताचा आणि पोह्यांचा मुलूख. रोह्यालाही जेवण म्हणजे भात, आणि भाकरी ती तांदळाची. ‘गाठ साखरेवर जगते’ हे वाक्य त्या घरात शिरले की, कोणी तरी जाणता ‘भातातही साखरच’ असे सांगतो, आणि ते रसायनशास्त्राच्या दृष्टीने चुकीचेही नसते. मग आधीच स्नायू गमावत असलेल्या वृद्धाच्या ताटातून भात जातो. गाठ आपली वाट काढते. माणूस मात्र वाळतो. शत्रूची रसद तोडताना रयतच उपाशी पडावी, असा हा वेढा होतो. येथे दोष रोग्याच्या अज्ञानाचा आहे असे म्हणणे सोपे आहे. पण त्याने भाषेने दिलेल्या पूर्वपक्षावरून काढलेला निष्कर्ष तर्काला धरूनच होता. चूक पूर्वपक्षात होती.

८

मग रूपकच नको काय? अशी भूमिका घेणे व्यर्थ आहे. रूपकावाचून शास्त्रही बोलत नाही. ‘चक्र’, ‘मार्ग’, ‘वाहक’ ही सर्व रूपकेच. प्रश्न एवढाच की कोणते रूपक निवडले असता चुकीचे अनुमान निघणार नाही. पेणचा खारेपाट या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो. खाडीचे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून बांध घालतात. त्या बांधाला उघाडी ठेवतात. ओहोटीला तिच्यातून शेतातले पाणी बाहेर जाते आणि भरतीला ती मिटते. एक उघाडी कायमची बंद केली तर पाणी नाहीसे होत नाही. ते दुसरीकडे चढते, आणि बांध जेथे कच्चा असेल तेथे खांड पडते. म्हणून बांधावरचा जाणता माणूस पाण्याशी वैर धरीत नाही. ते कोठून येते, कोठे साचते, कोणत्या वेळी कोणती उघाडी किती मिटावी, हे तो पाहतो.

द्रव्यव्यवहारावरील चिकित्सेचे हे चित्र वेढ्यापेक्षा पुष्कळ अचूक आहे. अबिराटेरोनने संप्रेरकरचनेची एक पायरी अडली की त्याच साखळीतील दुसरी द्रव्ये वाढतात, रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरते. म्हणून त्याबरोबर प्रेड्निसोलोन द्यावे लागते. ‘एक उघाडी मिटली, म्हणून दुसरीकडे लक्ष ठेवावे लागते’ हे वाक्य खारेपाटातील शेतकऱ्याला न समजण्याचे कारण नाही. मेदाम्लरचना किंवा ग्लुटामिनचा वापर अडविणारी द्रव्ये प्रोस्टेटच्या रोगात अद्याप प्रयोगावस्थेत का आहेत, आणि एकाऐवजी दोन वाटा एकदम अडविण्याचे प्रयत्न का चालले आहेत, हेही त्याला याच चित्रातून सांगता येईल. शिवाय या रूपकात शेत आणि पाणी दोन्ही रोग्याचीच आहेत. त्यामुळे ‘माझ्या शरीरावर काय होईल’ हा प्रश्न विचारण्यास त्याला वाव राहतो, जो वेढ्याचे रूपक देत नाही. मर्यादा त्यालाही आहे. पाणी स्वतःहून नवी उघाडी घडवीत नाही, अर्बुदाची पेशी घडविते. ही मर्यादा सांगूनच ते वापरावयास हवे.

पेण तालुक्यातीलच गागोदे येथे १८९५ मध्ये जन्मलेल्या विनोबा भावे यांची ‘गीताई’ १९३२ मध्ये प्रसिद्ध झाली. दर्शनाची परिभाषा हद्दपार न करता तिच्याभोवतीचे वाक्य घरातील माणसाच्या भाषेत बांधणे, ही त्या कृतीची रीत होती. वैद्यकीय मराठीला तोच मार्ग मोकळा आहे. ग्रंथात ‘चयापचय’ राहू द्यावे, पण ‘अंगी लागणे’ त्याच्या शेजारी असावे. दवाखान्यात ‘प्रोस्टेट’ म्हणावे. ‘प्रगत’च्या जागी ‘पसरलेला’ किंवा ‘बळावलेला’ लिहावे. ‘लागते’ या क्रियापदाऐवजी ‘वापरते’ लिहावे. ‘खच्चीकरण’ हे पद रोग्याच्या कागदावरून काढून टाकावे. यांतील एकाही सूचनेला नवा शब्द घडवावा लागत नाही.

मराठी परिभाषेने गेल्या काही दशकांत शब्दांची मोठी संपत्ती जमविली, हे तिच्या टीकाकारानेही मान्य केले पाहिजे. पण तिच्याच शब्दांत सांगावयाचे, तर हा चय झाला. तो अंगी लागला की नाही, याची परीक्षा कोशाच्या पानावर होत नाही. खारघरहून परतणारा रोह्याचा माणूस घरी पोचल्यावर आपल्या रोगाविषयी बायकोमुलांना जे वाक्य सांगतो, त्या वाक्यात ती होते.